मागे घेतलेली हाक

१

घड्याळकाका स्वयंपाकघराच्या फरशीवर सापडले, तेव्हा चांगलं उजाडलं होतं. पुतण्याने आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडलं, दोनदा हाक मारली आणि आत जाऊन पाहतो तो काका ओट्याच्या पायथ्याशी कुशीवर पडलेले. एक हात अंगाखाली दबून निळा पडला होता. दुसऱ्या हातात मोबाइल होता. श्वास चालू होता, पण तेवढाच. आदल्या दुपारपासून ते तिथेच होते.

ऑफिसात ही बातमी आली ती फोनवरच्या ओरडण्यातून. फोन घेतला होता मौनीने. तो ऑफिसातला प्रोग्रामर. दिवसभरात मोजकं बोलायचा, म्हणून त्याचं नाव मौनी पडलेलं.

"तुमच्या ॲपने हाक मागे घेतली!" पुतण्या ओरडत होता. "माझा काका हातात मोबाइल घेऊन रात्रभर फरशीवर पडून होता! तुम्हाला सोडणार नाही मी!"

एवढं बोलून त्याने फोन आपटला. मौनीने ते शब्द जसेच्या तसे सगळ्यांना सांगितले आणि तो खाली बसला.

ॲपचं नाव 'हाक'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी ते बनवलं होतं. पडद्यावर एकच मोठं लाल वर्तुळ. ते दाबलं की जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर घंटा वाजायची आणि त्याच क्षणी ऑफिसातल्या पडद्यावर त्या माणसाचं नाव उजळायचं. नातेवाईक पोचू शकला नाही, तर ऑफिसातून कुणीतरी मदत पाठवायची. हाक मागे घेतली गेली, की तसा निरोप नातेवाइकाला जायचा आणि हाक मारणाऱ्याचा मोबाइल ते बोलूनही सांगायचा. अजून ते सगळ्यांसाठी खुलं झालं नव्हतं. थोड्या घरांमध्ये चाचणी चालू होती आणि त्यातलं एक घर घड्याळकाकांचं.

हे घर चौकशीताईने शोधलं होतं. ॲप बनवण्याआधी आणि बनवताना लोकांच्या घरी जायचं, त्यांच्या हातात मोबाइल द्यायचा आणि ते कुठे अडतात ते गप्प बसून पाहायचं, हे तिचं काम. लोक काय म्हणतात ते ऐकायचं, पण बोटं काय करतात त्यावर विश्वास ठेवायचा, हा तिचा शिरस्ता. सारखी प्रश्न विचारते म्हणून मालकांनीच कौतुकाने तिचं हे नाव ठेवलं होतं. मालकांना सगळे भाऊ म्हणत.

भाऊंनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. "काका आपलेच आहेत. पण एक लक्षात घ्या. हाक गेली होती. मागे घेतली ती काकांनीच. ॲपचा काही दोष नाही. म्हातारी माणसं, नुसतं तपासून बघतात, मग नको म्हणतात. आणि खरंच गरज होती तर त्यांनी दुसऱ्यांदा का नाही दाबलं? मोबाइल हातात होता ना?"



"तरी लोक आपल्यालाच विचारतील," भाऊ पुढे म्हणाले आणि त्यांची नजर पेन्सिलकडे वळली. "मागे घ्यायची पट्टी लाल वर्तुळाच्या इतकी जवळ कुणी काढली, असं विचारतील."

पेन्सिल म्हणजे ऑफिसातली डिझायनर. केसांत कायम पेन्सिल खोचलेली असायची. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण ती एका शब्दाने उत्तरली नाही. एरवी एका रेघेवरून तासभर वाद घालणारी ही मुलगी.

चौकशीताईला पहिली शंका तिथेच आली. पेन्सिलच्या गप्प बसण्याची नव्हे, त्या पट्टीची. हाक मागे घ्यायची तर ॲपमध्ये बोट पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न उचलता सरळ न्यावं लागे. घड्याळकाकांचे हात थरथरायचे. चाचणीच्या प्रत्येक भेटीत त्यांनी ती पट्टी ओढून पाहिली होती आणि प्रत्येक वेळी बोट मध्येच उडालं होतं. "पोरी," ते हसून म्हणाले होते, "आयुष्यभर लोकांच्या घड्याळांचे काटे सरळ केले, पण माझं बोट काही सरळ जात नाही बघ."

धडधाकट बसल्याजागी जे एकदाही जमलं नाही, ते फरशीवर पडल्यापडल्या कसं जमलं?

म्हणजे ती पट्टी काकांनी ओढली नव्हती. दुसऱ्याच कुणाचं तरी बोट होतं.

२

इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात पुतण्या बाकावर बसला होता. चौकशीताईला पाहून तो उठला नाही.

"कशाला आलात? सही घ्यायला?"

"काकांना बघायला आले."

"बघता येत नाही. आत नळ्या लावल्यात. डोळे उघडतात, पण बोलत नाहीत."

ती त्याच्या शेजारी बसली. पुतण्याबद्दल तिने काकांच्या शेजारणीकडून थोडंबहुत ऐकलं होतं. घर विकून काकांनी आपल्याकडे राहायला यावं, असा त्याचा हट्ट. काकांचा नकार. त्यावरून झालेली बोलाचाली भिंतीपलीकडे ऐकू गेलेली. आणि घराची दुसरी किल्ली याच्याजवळ.

"काल दुपारी तुम्ही कुठे होता?" तिने विचारलं.

पुतण्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "अच्छा. म्हणजे आता मीच चोर."

"मी फक्त विचारतेय."

"मग विचारा. कामावर होतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला. घंटा वाजली तेव्हा हातातलं काम टाकून उठलो, गाडीपर्यंत गेलो. इंजिन सुरू केलं आणि तेवढ्यात तुमचा निरोप आला की हाक मागे घेतली. जीव भांड्यात पडला. परत कामाला बसलो." त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "संध्याकाळी फोन केला, त्यांनी उचलला नाही. डॉक्टर म्हणतात, तेव्हा शुद्धच नसणार. वाटलं, झोपले असतील, नाहीतर माझ्यावर रुसले असतील. भांडण झालं होतं आमचं. मीही मग म्हटलं, राहू दे, उद्या जाऊ. ताई, मी गाडीत बसलो होतो हो. निघालोच होतो."

त्याचा आवाज फुटला. चौकशीताईने बरीच खोटी उत्तरं ऐकली होती. खोटं बोलणारा स्वतःला इतका बोल लावत नाही. तरी तिचं समाधान झालं नाही. रडणारा माणूस निर्दोष असतोच असं नाही.

"तो निरोप आहे अजून?"

पुतण्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. तिने वाचलं. 'घड्याळकाकांनी हाक मागे घेतली आहे. कारण : फक्त तपासत होतो.'

तिने पुन्हा वाचलं. मग घाईघाईने म्हणाली, "काकांचा मोबाइल आहे तुमच्याकडे?"

तो त्याच्या पिशवीतच होता. तिने 'हाक' उघडलं, लाल वर्तुळ दाबलं, दोन्ही हातांनी जपून पट्टी ओढली. पुतण्याच्या हातात घंटा वाजायला लागली तशी तो दचकला. पडद्यावर कारणं आली. 'चुकून दाबलं.' 'आता बरं वाटतंय.' 'मदत मिळाली.'

बस्स. एवढीच.

"काय झालं?" पुतण्याने विचारलं.

"आधी इथे चौथं कारण होतं," ती म्हणाली. "फक्त तपासत होतो. पण म्हाताऱ्या माणसांनी त्याचा अर्थ भलताच घेतला. तपासणं म्हणजे डॉक्टरांनी तपासणं. एक आजी ते दाबून दार उघडं टाकून डॉक्टरची वाट बघत बसल्या होत्या. मी ते कारण काढायला लावलं. सगळ्यांच्या मोबाइलवरून ते गेलंय."

"मग माझ्या निरोपात कसं आलं?"

तिने 'चुकून दाबलं' निवडून मोबाइल त्याला परत दिला. उत्तर एकच होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं. हे शब्द आता या शहरात एकाच ठिकाणी उरले होते.

त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात.

३

मौनी आपल्या टेबलाशी बसला होता. समोर चाचणीचे मोबाइल ओळीने मांडलेले.

"पहाऱ्यावर जुनी कारणं अजून आहेत का?" चौकशीताईने सरळच विचारलं.

सगळ्या हाका जिथे दिसायच्या त्या ऑफिसातल्या पडद्याला ते पहारा म्हणत. मोठ्या खोलीच्या भिंतीवर तो लावला होता, बोटाने चालणारा.

मौनीने मान हलवली. "आहेत. ते फक्त आपल्यासाठी आहे. म्हणून बदललं नाही."

"आणि पहाऱ्यावरून हाक मागे घेता येते?"

"येते. एखाद्याने फोन करून सांगितलं की चुकून दाबलं, तर घ्यावीच लागते."

"मग कुणी मागे घेतली, हे दिसत असेल."

मौनी कडवट हसला. "पेन्सिलने चित्रात ती जागा ठेवली होती. 'कोणी घेतली.' भाऊ म्हणाले, पुढच्या वेळी करू, आता पाहुणे यायचेत. आता तिथे फक्त दिसतं की घेतली."

पाहुणे! चौकशीताईला आदली दुपार आठवली. एका मोठ्या संस्थेची माणसं ॲप बघायला आली होती. त्यांना पटलं, तर 'हाक' शहरभर जाणार होतं. ती स्वतः तेव्हा एका आजींच्या घरी होती. पाहुण्यांना दाखवायला मौनी आपल्या टेबलावरून खोट्या हाका सोडणार आणि मोठ्या खोलीत त्या पहाऱ्यावर उजळणार, असं ठरलं होतं.

"खोट्या हाका मागे कोण घेत होतं?"

"कुणीच नाही. शेवटी मी सगळ्या एकदम पुसतो. इथून. एकेक कोण घेत बसेल?"

"मौनी, काकांची हाक तू घेतलीस?"

त्याचे कान लाल झाले. इतकी वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला हे विचारणं तिलाही सोपं नव्हतं.

"मी घेतली असती," तो सावकाश म्हणाला, "तर पुतण्याला निरोप गेलाच नसता. पुसलं की निरोप जात नाही. आणि मला ठाऊक होतं की काकांच्या नावाने मी काही सोडलेलं नाही. मग ती खरी आहे हे मला पहिल्या क्षणाला कळलं असतं. म्हणजे मी जाणूनबुजून माणूस मारायला निघालो होतो, असं तुम्हाला वाटतंय का?"

"मला काय वाटतं ते मी अजून ठरवलेलं नाही."

"पहाऱ्यावर मागे घ्यायचं बटण दिसत नाही, ताई. मीच लपवलंय, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. नावावर बोट दाबून धरलं तरच ते उघडतं. वर परत एकदा विचारतं, नक्की का म्हणून. हे कळणारी माणसं दोनच. ज्याने बांधलं तो आणि जिने चित्र काढलं ती."

एवढं बोलून तो पुन्हा समोरच्या मोबाइलकडे वळला. मोठ्या खोलीत आदल्या दुपारी पहाऱ्याशेजारी उभं राहून पाहुण्यांना ॲप समजावून सांगत होती पेन्सिल.

चौकशीताईची या ऑफिसातली सगळ्यात जवळची मैत्रीण.

४

पेन्सिल गच्चीवर होती. टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून उभी. तिच्या केसांत पेन्सिल नव्हती.

"मी सोडून चाललेय," ती आधीच म्हणाली. "भाऊंना सांगितलं."

"का?"

"सगळ्यांना वाटतंय माझ्या पट्टीमुळे झालं. असू दे."

"तुझ्या पट्टीमुळे नाही झालं. ती पट्टी काकांना कधी ओढता आलीच नव्हती. आणि हे तुला माहीत आहे. मीच तुला सांगितलं होतं, तेव्हा आपण ती बदलायचं बोललो होतो."

पेन्सिलने तोंड फिरवलं.

"काल दुपारी पहाऱ्यावर काकांचं नाव उजळलं," चौकशीताई म्हणाली. "तू शेजारी उभी होतीस."

"माझी पाठ होती पडद्याकडे. पाहुण्यांशी बोलत होते मी."

"सगळा वेळ?"

"हो."

"एकदाही वळली नाहीस? आपण बनवलेली वस्तू भिंतीवर चालतेय आणि तू वळून पाहिलं नाहीस? तू? रंग जरा इकडचा तिकडे झाला तर झोप न येणारी?"

"ताई, तू मला असं विचारू नकोस." पेन्सिलने हात पुढे करून तिला थांबवलं. "बाकी कुणालाही विचार. मला नको."

"तू घेतलीस का ती हाक?"

"नाही!"

"मग कुणी घेतली?"

पेन्सिलने ओठ घट्ट मिटले. चौकशीताईने वाट पाहिली. माणसं शांततेला घाबरतात आणि ती भरून काढायला खरं बोलून टाकतात, हा तिचा अनुभव. या वेळी तो खोटा ठरला. पेन्सिल तिच्या बाजूने जिना उतरून निघून गेली.

ही गप्प बसते ती स्वतःसाठी, की दुसऱ्या कुणासाठी? स्वतःसाठी असती, तर 'मी घेतली नाही' हे इतकं तडफेने म्हणाली असती? आणि दुसऱ्यासाठी असेल, तर ज्याच्यासाठी नोकरीवर पाणी सोडावं असा तो दुसरा कोण?

पाणी कुठेतरी मुरत होतं.

खाली उतरताना जिन्यात भाऊ भेटले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पहिली नोकरी गेली तेव्हा याच माणसाने तिला घरी बोलावून काम दिलं होतं. मौनीची आई आजारी असताना हेच तिच्या उशाशी बसले होते. ऑफिसातलं कुणीही त्यांच्यासाठी विस्तवावर चाललं असतं.

"फार खोदू नकोस, ताई," ते मऊ आवाजात म्हणाले. "काका बरे होतील. पेन्सिल लहान आहे, तिला उगाच त्रास होईल. मीच तिचं बघतो."

"भाऊ, पहाऱ्यावरून हाक मागे घेतली गेली, असं दिसतंय."

"असेल. मला त्यातलं काय कळतं? मी त्या पडद्याला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही. मी आपला पाहुण्यांचा माणूस."

ते हसले. आणि जिना चढून गेले.

चौकशीताई तिथेच उभी राहिली. सकाळचं त्यांचं एक वाक्य तिच्या कानात वाजत होतं. 'नुसतं तपासून बघतात.' पुतण्याने ऑफिसात फोन केला तेव्हा हाक मागे घेतली एवढंच सांगितलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. त्याच्या मोबाइलवरचा तो निरोप तेव्हा ऑफिसातल्या कुणीच पाहिलेला नव्हता.

तो शब्द भाऊंच्या तोंडात आला कुठून?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिघांना मोठ्या खोलीत बोलावलं. पहारा भिंतीवर उघडा ठेवला होता. त्यावर एक नाव उजळत होतं. मौनीने सोडलेली खोटी हाक.

"मी घरोघरी जाऊन करते तेच करायचंय," ती म्हणाली. "एक काम सांगते. तुम्ही करायचं. मी बघणार. कुणी कुणाला मदत करायची नाही."

"हे काय चाललंय?" भाऊंनी विचारलं.

"थोडा वेळ द्या, भाऊ. आधी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलंय."

दार उघडून पुतण्या आत आला. त्याला पाहताच भाऊ खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"तुम्ही हा पडदा आयुष्यात पहिल्यांदा बघताय," चौकशीताई पुतण्याला म्हणाली. "ही हाक मागे घ्या."

पुतण्या पडद्यापुढे उभा राहिला. त्याने आधी खाली उजवीकडे पाहिलं. मग वर. मग कोपऱ्यातलं चिन्ह दाबून पाहिलं, ते काही निराळंच निघालं. नावाखालची रेघ दाबली, काही झालं नाही. थोड्या वेळाने त्याने हात खाली टाकले. "इथे काहीच नाही."

"बरोबर. असंच होतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस शोधतो, चुकतो, थांबतो. मी कितीतरी माणसांना असं पाहिलंय. न अडखळणारा मला अजून भेटायचाय." ती वळली. "भाऊ, आता तुम्ही."

"मी? मला काय येतंय त्यातलं!"

"म्हणूनच. तुम्हीही पहिल्यांदाच बघताय ना?"

नाही म्हणायला जागा नव्हती. भाऊ पुढे आले. आपण अडखळायला हवं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी उगाच वर पाहिलं, बाजूला पाहिलं, हनुवटी खाजवली. पण माणूस चेहऱ्याला शिकवू शकतो, बोटाला नाही. त्यांचा हात वर गेला, त्या नावाच्या आसपास घुटमळला आणि नकळत त्यावर टेकला. टेकून राहिला. दाबून धरल्यासारखा.

लपवलेलं बटण उघडलं. कारणं दिसली. सगळ्यात वरचं आधीच निवडलेलं होतं. 'फक्त तपासत होतो.'

भाऊंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.



"कुणी शिकवलं, भाऊ?" चौकशीताईने विचारलं. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा हळू निघाला.

मौनी भिंतीकडे बघत बोलला. "पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तालीम केली तेव्हा ते माझ्या मागे उभे होते. हाक मागे घेता येते का, ते मी दोनतीनदा करून पाहिलं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की ते बघतायत."

"ती खोटी हाक वाटली मला," भाऊ म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो. खोट्या हाका चालल्या होत्या. ही मध्येच आली, पेन्सिलचं झालं होतं, माझं बोलणं चालू होतं, लाल दिवा उघडझाप करत होता, पाहुणे तिकडेच बघायला लागले. मी सहज बंद केली. चूक झाली. माणसाकडून चूक होते!"

"मग काल सकाळी तसं का नाही सांगितलंत? काकांवर का ढकललंत? आणि मग पेन्सिलवर?"

भाऊ परत खुर्चीकडे वळले.

"आणि पहारा दुसऱ्यांदा विचारतो, भाऊ. नाव मोठं लिहून विचारतो, यांची हाक नक्की मागे घ्यायची का? ते वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"घाईत कोण वाचतं?"

"वाचलं नसेल त्यांनी," पेन्सिल एकदम बोलली. इतका वेळ ती कोपऱ्यात उभी होती. "पण मी सांगितलं होतं."

सगळे तिच्याकडे वळले.

"मी वळून पाहिलं होतं, ताई. खोट्या हाकांची नावं मीच ठरवली होती, त्यात काका नव्हते. मी भाऊंच्या कानाशी जाऊन म्हटलं, ही आपली नाही, खरी असेल. ते म्हणाले..." ती हुंदका गिळून थांबली. "ते म्हणाले, पाहुणे गेल्यावर बघू. आणि हाक बंद केली. मग पाहुणे गेले. सगळे टाळ्या वाजवत होते, मौनीने मला उचलून गोल फिरवलं, आणि मी विसरले. ताई, मी विसरून गेले! सकाळी फोन आला तेव्हा आठवलं. भाऊ मला म्हणाले, आपण दोघंही अडकू, तू गप्प राहा, मी सांभाळून घेतो."

पुतण्या भाऊंच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. मौनी घाबरून पुढे झाला. पण पुतण्याने हात उगारला नाही.

"मी गाडी सुरू केली होती," तो एवढंच म्हणाला. आणि निघून गेला.

६

त्याने रीतसर तक्रार केली. चौकशीताईने साक्षीला आपलं नाव दिलं आणि ते भाऊंना तोंडावर सांगितलं. भाऊंनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी स्वतः पाहुण्यांना फोन लावला आणि त्या दुपारी काय झालं ते न लपवता सांगितलं. पाहुण्यांनी काम थांबवलं. चाचणीतल्या घरांमध्ये चौकशीताई आणि मौनी एकेक करून गेले आणि ॲप काढून घेऊन आले. एका आजींनी विचारलं, "का ग, आमचं काही चुकलं का?"

पेन्सिलने नोकरी सोडली नाही, पण पुष्कळ दिवस ती कुणाशी धड बोललीही नाही. कोऱ्या कागदावर ती पहारा पहिल्यापासून काढत बसली. त्यात नातेवाइकाने किंवा मदतीला गेलेल्या माणसाने प्रत्यक्ष पाहून आल्याशिवाय कुणालाच हाक बंद करता येत नव्हती. मालकालाही नाही.

घड्याळकाका बोलायला लागल्याचा निरोप पुतण्यानेच पाठवला. चौकशीताई गेली तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. जिभेला जडपणा होता, शब्द एकेक करून येत होते. पुतण्या चमच्याने पाणी पाजत होता.

ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग तिला राहवेना. "काका, तुम्ही परत का नाही दाबलंत?"

काकांनी आठवायचा प्रयत्न केला. "मोबाइलमधला तो आवाज बोलला ना," ते म्हणाले. "तुमची हाक मागे घेतली आहे. मला वाटलं... कुणीतरी पाहिलं असेल. आणि ठरवलं असेल, की एवढं काही नाही. मग म्हटलं, उगाच लोकांना पुन्हा पुन्हा काय त्रास द्यायचा."

पुतण्याने चमचा खाली ठेवला आणि तो खिडकीकडे गेला.

दारात भाऊ उभे होते. कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुतण्या वळला, त्याचा चेहरा बदलला. चौकशीताईला वाटलं आता काहीतरी होणार. पण काकांनी उजवा हात जरासा उचलला आणि पुतण्या थांबला.

"कोण?" काकांनी विचारलं.

भाऊ पलंगाच्या पायथ्याशी आले. रोज शेकडो शब्द सहज पेरणारा हा माणूस, पण आज एकेक शब्द जड झाला होता.

"काका, हाक मी मागे घेतली," ते म्हणाले. "तुम्ही पडलात त्या दुपारी आमच्याकडे मोठे पाहुणे आले होते. तुमचं नाव समोर आलं. ही खरी असेल, असं पोरीने मला सांगितलंही होतं. मी म्हटलं, पाहुणे गेल्यावर बघू. माफी मागायला आलो नाही. तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून आलो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता, ओळखही नव्हती. ऐकलेलं समजून घ्यायला त्यांना वेळ लागत होता. मग त्यांनी अगदी मनापासून, घरच्या माणसाच्या काळजीने विचारलं,

"मग, पाहुणे खूश झाले का?"

"हो काका," भाऊ म्हणाले. "खूप खूश झाले."

आणि मग मात्र त्यांना उभं राहवेना. त्यांनी पलंगाची दांडी धरली आणि ते तिथेच खाली फरशीवर बसले.